परवाना गेल्यानंतरचं हसू

वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांनी निकालाचा कागद वाचून खाली ठेवला, चष्मा काढला, आणि खोली इतकी शांत झाली की कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्रात एक बुडबुडा वर आला तोही सगळ्यांना ऐकू आला. बुडुक!

आणि डॉक्टरांना हसू आलं.

ओठातल्या ओठात आलं असतं तर खपून गेलं असतं. पण हे थेट पोटातून आलं. डॉक्टरांनी जीभ चावली, खोकल्याचं सोंग केलं, वारलेल्या काकांना आठवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. खांदे गदगदा हलायला लागले. समोर बसलेल्या पाच जणांना वाटलं, बिचारा रडतोय. अध्यक्षांचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे, यांना पाणी द्या जरा," ते म्हणाले. शिपाई उठला, त्याच यंत्राखाली त्याने ग्लास धरला, आणि यंत्र पुन्हा म्हणालं, बुडुक! मग मात्र डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून असे काही हसले की शेवटी अध्यक्षांनीच बैठक संपली म्हणून जाहीर करून टाकलं.

बाहेर बाकावर बायको वाट बघत होती. नवरा डोळे पुसत, हसत बाहेर आलेला बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"सुटलात?" तिने विचारलं.

"सुटलो," डॉक्टर म्हणाले. "कायमचा."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि दोघं जिना उतरली. डॉक्टर हसतच होते.

आता हे सगळं कशावरून, ते सांगायला हवं. डॉक्टरांचा दवाखाना एकतीस वर्षं एकाच चौकात, औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर. माणूस इतका गोड की सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसलाच नाही. कुणाला लग्नाला जायला रजा हवी, कुणाच्या मुलाला परीक्षा चुकवायची, कुणाला सासरहून लवकर निघायला कारण हवं. डॉक्टर हसत दाखला लिहायचे. कंबरदुखी, पित्त, चक्कर. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?

तसेच दरवर्षी बसडेपोतून बेचाळीस अर्ज यायचे. एकेका ड्रायव्हरला बोलावून डोळे, कान, रक्तदाब तपासायचा आणि मग सही करायची, असा नियम. पहिली काही वर्षं डॉक्टरांनी तो पाळला. पुढे सगळे ड्रायव्हर ओळखीचे झाले. भलीदांडगी माणसं, यांना काय धाड भरलीय! मग अर्जांचा गठ्ठा सकाळी यायचा आणि बातम्या बघता बघता सह्या होऊन संध्याकाळी परत जायचा. 'डोळे : उत्तम.' बेचाळीस वेळा.

त्यातल्या एका ड्रायव्हरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. एका सकाळी सव्वादहाला ऊन समोरून आलं, त्याला रस्ता नुसता पांढराफटक दिसला, आणि जिथे वळायचं तिथे न वळता सतरा उतारूंसकट बस सरळ एका गादीच्या दुकानात घुसली. दुकानात छतापर्यंत गाद्या. बस त्यात रुतून थांबली. कुणी दगावलं नाही. कुणाला मुका मार लागला, एका गृहस्थांचा दात हलला, कंडक्टरचा ओठ फुटला. चौकात तीन दिवस कापूस उडत होता. पण चौकशीत ड्रायव्हरचे डोळे निघाले, डोळ्यांवरून अर्ज निघाला, आणि अर्जावरून सही.

"मी तपासलं नव्हतं," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. वकिलाने कपाळाला हात लावला. निकाल त्याच दिवशी ठरल्यासारखा होता. नोंदणी रद्द. रुग्ण तपासणं बंद, औषध लिहून देणं बंद, दाखला तर बंदच बंद.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सवयीने सहाला जाग आली. डॉक्टर दाढी करून, बॅग घेऊन दवाखान्यात पोचलेसुद्धा. दारात भाची उभी. ही त्यांच्या बहिणीची मुलगी, नवी डॉक्टर. दवाखाना आता तिच्याकडे आला होता. मामावर तिचा फार जीव, पण नियमाला पक्की.

"मामा, आत यायचं नाही."

"अगं, माझं पेन राहिलंय टेबलावर."

"मी आणून देते. तुम्ही बाहेर बसा."

डॉक्टर बाहेर पेशंटांच्या बाकावर बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. बसल्या बसल्या बाक डावीकडे कलला. उठले, पुन्हा बसले. पुन्हा कलला. बाकाचा एक पाय आखूड होता! म्हणजे इतकी वर्षं माणसं ताप घेऊन, पोटदुखी घेऊन या बाकावर डुलत बसत होती आणि एकानेही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. डॉक्टरांना हसू फुटलं.

"तुम्हाला काय होतंय?" शेजारच्या आजोबांनी काळजीने विचारलं.

"काही होत नाहीये," डॉक्टर म्हणाले, "तीच तर पंचाईत आहे!"

आजोबा हसले. आजोबांना बघून समोरच्या बाई हसल्या. एका तापकऱ्या मुलाला हसता हसता उचकी लागली. आतून भाची बाहेर आली तेव्हा सगळी रांग पोट धरून बसली होती आणि मधोमध तिचा मामा बाक डोलवत होता.

"मामा, घरी जा."

डॉक्टर घरी गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांना इतकं हलकं हलकं वाटत होतं की जमिनीला पाय लागत नव्हते. फोन वाजत नव्हता. कुणाचा रिपोर्ट नाही, कुणाचं पोट नाही. एकसष्टाव्या वर्षी ते जिन्याच्या कठड्यावरून तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर घसरत आले आणि वर येणाऱ्या शेजाऱ्याला "सुप्रभात!" म्हणाले. लिफ्टमध्ये कुणी खोकलं की सल्ला तोंडातून निसटू नये म्हणून स्वतःचाच रुमाल तोंडात कोंबायचे आणि डोळे वटारून छताकडे बघत राहायचे. तो प्रकार बघून खोकणारा माणूस दचकून पुढच्याच मजल्यावर उतरायचा.

बायको हे सगळं बघत होती. तिने तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती घरात तशीच बोलायची.

"समजा, एक माणूस आहे," एका दुपारी ती म्हणाली. "त्याचं काम गेलं, नाव गेलं. आणि तो कठड्यावरून घसरतोय. म्हणून?"

"म्हणून काय?"

"काय सिद्ध करायचंय ते मलाही ठाऊक नाही. पण आकृती कुठेतरी चुकलीय, डॉक्टर."

"हे बघ, आता डॉक्टर म्हणू नकोस मला."

"अहो, चौतीस वर्षं तेच म्हणतेय. मग काय म्हणू?"

"नाव घे की."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग धीर करून घेतलं एकदाचं नाव. ते दोघांच्याही कानाला इतकं परकं लागलं, की जणू कुणी बँकेतला कारकून मागे येऊन उभा राहिलाय. दोघं एकमेकांकडे बघून खो खो हसत सुटली. हसता हसता ती आत गेली. जरा वेळाने डॉक्टरांच्या लक्षात आलं की आतून येतोय तो आवाज हसण्याचा नाही. ते उठून दारापर्यंत गेले, तिथेच उभे राहिले, आणि परत येऊन बसले.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दाराची घंटा वाजली. आपली नाही, शेजाऱ्यांची. मग समोरच्यांची. मग आपली. दारात एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ डोळे बारीक करून दारावरची पाटी वाचायचा प्रयत्न करत होता.

"मी तो बसवाला," तो म्हणाला.

बायकोने घाईघाईने टेबलावरची काचेची बरणी उचलून आत ठेवली. म्हटलं, आता हा काय करतो कोण जाणे. पण ड्रायव्हर चाचपत खुर्चीच्या कडेवर बसला.

"माझंही गेलं," तो म्हणाला. "लायसन."

"माझंही," डॉक्टर म्हणाले.

"हो, ऐकलं."

डॉक्टरांच्या पोटात गुदगुल्या सुरू झाल्या. त्यांनी ड्रायव्हरकडे चोरून पाहिलं. त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"साहेब, एक सांगू? मला दिसत नव्हतं ते मला माहीत होतं. आठ महिने मी खांब मोजून बस चालवली. तुम्ही बोलावलं असतंत ना तपासायला, तर मी काहीतरी थाप मारून टाळलंच असतं."

"आणि मी बोलावलंच नाही!"

"नाहीच बोलावलंत!"

मग दोघांना आवरेना. ड्रायव्हरने मांडी थोपटली, डॉक्टरांनी उशीत तोंड खुपसलं. जरा दम लागल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "बरं साहेब, आता तरी सांगा. हे मोतीबिंदूचं ऑपरेशन करू का नको? सगळे कर म्हणतात, पण डोळ्यात हत्यार घालणार म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसते."

"ते सांगायची मला आता परवानगी नाही."

"घ्या! होती तेव्हा बघितलं नाहीत, आता बघायचंय तर परवानगी नाही!"

चहा सांडला. बशी फुटली. बायको तेवढी हसली नाही. तिने कपाटातून चौकशीची कागदपत्रं काढली आणि त्यातलं एक पान दोघांच्या मधोमध ठेवलं. त्यावर सतरा नावं होती, पत्त्यांसकट.

"हसून झालं असेल तर ही यादी घ्या," ती म्हणाली. "दोघांनी मिळून जायचं. एकेकाच्या घरी. आणि तुमची परवानगी नसेल तर यांना भाचीकडे पाठवा, ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवेल. एवढं सुचू नये?"

दुसऱ्या दिवसापासून स्वारी निघाली. जोडी मोठी बघण्यासारखी होती. ड्रायव्हरला गल्ली न् गल्ली पाठ, पण पाटी वाचता यायची नाही. डॉक्टरांना पाटी दिसायची, पण एकतीस वर्षं एका चौकाबाहेर न पडल्यामुळे रस्ता कुठला कुठे जातो याचा पत्ता नाही. एकाने ओढायचं, दुसऱ्याने वाचायचं. "डावीकडे वळा!" "अहो, डावीकडे भिंत आहे!" "भिंत? गेल्या वर्षी नव्हती!"

माफी मागणं इतकं अवघड असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. अवघड कशासाठी, तर ती कुणी घेईचना. दात हललेले गृहस्थ म्हणाले, तो दात काढायचाच होता, फुकटात सुटलो. दोन कॉलेजच्या मुलींनी दोघांना मध्ये घेऊन फोटो काढला. एका निवृत्त हेडक्लार्कने तर त्यांना प्रेमाने बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळूच ड्रॉवरमधून एक छापील अर्ज काढला.

"आलाच आहात तर... मुलाला जरा एक दाखला हवा होता. मागची तारीख टाकून. आता कुठे कोण बघतंय!"

डॉक्टरांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. आणि थांबला.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

हेडक्लार्क बघतच राहिले. पण त्यांच्याहून जास्त चकित झाले ते डॉक्टर. तो शब्द तोंडात कसा लागतो हेच त्यांना माहीत नव्हतं. कडक, कुरकुरीत, ताजा! जिन्यात आल्यावर त्यांनी तो पुन्हा म्हणून पाहिला. "नाही!" मग मोठ्याने, "नाही नाही नाही!" वरच्या मजल्यावरचं एक दार उघडून कुणीतरी विचारलं, "काय पाहिजे?" "काही नाही!" डॉक्टर आनंदाने ओरडले, आणि ड्रायव्हरला जिन्यातच बसून हसावं लागलं.

गादीच्या दुकानात तर कमाल झाली. दुकान पुन्हा उभं राहिलं होतं, पहिल्यापेक्षा मोठं, आणि वर झळझळीत पाटी होती. 'बस थांबवणाऱ्या गाद्या. सतरा जण साक्षीला आहेत.' डॉक्टरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. मालकीणबाई ऐसपैस, आवाजही ऐसपैस.

"या या! अहो, तुम्ही दोघं म्हणजे माझी भरभराट! माफी कसली मागताय? आडवे व्हा आधी!"

तिने दोघांना धरून दुकानातल्या सगळ्यात जाड गादीवर पाडलं. डॉक्टर छताकडे बघत पडून राहिले. अंगाखालची गादी इतकी मऊ की माणूस आत कुठे संपतो आणि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. ते हसायला लागले, पण या वेळी हसण्याच्या शेवटाला काहीतरी टोचलं.

"मला कुणी शिव्या का देत नाही हो?" त्यांनी छताला विचारलं.

"अजून तिघं बाकी आहेत," शेजारून ड्रायव्हर म्हणाला. "धीर धरा."

सोळावं नाव एका बाईचं होतं. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात काजं करायची. दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर वर्षाच्या आतबाहेरची एक मुलगी होती आणि दोघींचं कपाळ सारखंच रुंद होतं. डॉक्टरांनी कोण, कुठले ते सांगायला सुरुवात केली, आणि अवघडल्यामुळे मध्येच फिस्सकन हसले.

"हसू नका," बाई म्हणाली.

डॉक्टरांचं हसू तिथेच थांबलं.

"त्या दिवशी हिला मी खिडकीशी धरलं होतं. सात महिन्यांची होती. बस घुसली आणि खिडकीतून गादी आत आली. हिचं तोंड त्यात दबलं. लोक म्हणतात, पाचच सेकंद झाले असतील. तुम्ही मोजून बघा पाच सेकंद. बघा ना."

डॉक्टरांनी मोजले. नाक-तोंड बंद झालेल्या तान्ह्या मुलाचं पाच सेकंदांत काय काय होतं ते त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तीनपर्यंत आल्यावर त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"आणि सही करायला किती वेळ लागला होता तुम्हाला?"

"एक सेकंद," डॉक्टर म्हणाले. "नाही, त्याहून कमी."

बाईने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी तेव्हापासून बसमध्ये पाय ठेवलेला नाही. हिला घेऊन चालत जाते, बहिणीकडे सोडते, तिथून कारखाना. सव्वा तास. माझे पाय गेले."

"आम्ही माफी—" ड्रायव्हर म्हणाला.

"माफी घेऊन मी कामावर लवकर पोचणार आहे का?"

"मग काय करू, सांगा," डॉक्टर म्हणाले. "काहीही."

बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "माझ्याबरोबर बसमध्ये बसा. रोज सकाळी सातला. माझी भीती जाईपर्यंत. परत काही झालंच तर तुमच्यासकट होऊ दे."

जिना उतरताना दुसऱ्या वळणावर डॉक्टर पायरीवर बसले आणि रडले. परिषदेपुढे आलं नव्हतं, घरी आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. शर्टाच्या बाहीला नाक पुसत, मुलासारखे हुंदके देत रडले. ड्रायव्हर शेजारी बसून राहिला. त्याला चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून त्याने डॉक्टरांचा गुडघा समजून दोनदा कठडाच थोपटला. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि रडता रडता त्यांना हसूही आलं, पण आधीचं हसू नव्हे. याला खाली तळ होता.

पहिल्या सकाळी बस आली, दार उघडलं, बाई हलली नाही. बस गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती चढली आणि पुढच्याच थांब्यावर घामाघूम होऊन उतरली. दोघंही तिच्यामागोमाग उतरले आणि तिघं मुलीला घेऊन उरलेला रस्ता चालत गेले.

चौथ्या दिवशी ड्रायव्हरला एक युक्ती सुचली. बसमध्ये बसल्या बसल्या त्याने डोळे मिटले आणि रस्ता सांगायला सुरुवात केली. "आता खड्डा." धाडकन खड्डा आला. "आता उजवीकडे झुकायचं, झुका!" बस वळली. "आता पुढचा भला माणूस उगाचच ब्रेक मारणार." कचकन ब्रेक लागला. "आता शाळेपाशी तीन वेळा हॉर्न." पॉं, पॉं, पॉं! बसमधली माणसं माना वळवून बघायला लागली. मुलीला तर तो खेळच वाटला. खड्ड्याला सगळे उडाले की ती अशी खिदळायची की तिच्या दोनच दातांचं दर्शन अख्ख्या बसला व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात लोक तिच्या जोडीने खड्ड्याची वाट बघायला लागले. "आला, आला, आला... हो!" आणि सगळी बस एकदम उडायची. नवा चढलेला उतारू गोंधळून विचारायचा, "काय चाललंय?" "खड्डा!" डॉक्टर अभिमानाने सांगायचे, जसा काही त्यांनीच खणलाय.

फक्त गादीचं दुकान जवळ आलं की बाई डॉक्टरांचं मनगट घट्ट धरायची. तिच्या बोटांतली नाडी त्यांना जाणवायची. पहिल्या दिवशी एकशे तीस. मग एकशे दहा. मग शंभर. ते कुणाला बोलले नाहीत, पण मनाला खात राहिलं, म्हणून एकदा भाचीला विचारलं. हे नियमात बसतं का?

"मनगट कुणी कुणाचं धरलंय, मामा?"

"तिने माझं."

"मग तीच तुम्हाला तपासतेय. बसा गुपचूप."

भाचीने ड्रायव्हरलाही सरळ केलं. आधी दम देऊन, मग समजावून तिने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा त्याने समोर उभ्या असलेल्या आपल्या डॉक्टरांना नखशिखान्त न्याहाळलं. "साहेब, तुम्ही एवढे म्हातारे आहात?" तो म्हणाला. "आवाजावरून वाटत नव्हतं." बस काही त्याला परत मिळाली नाही. पण नव्या ड्रायव्हरांना शेजारी बसून रस्ते शिकवायला डेपोने त्याला घेतलं, आणि डोळे मिटून सांगायची सवय तेवढी सोडायला लावली.

मग डॉक्टर एकटेच बाईबरोबर जाऊ लागले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी त्यांना निघायला उशीर झाला. ते रस्त्याच्या अलीकडे होते तेवढ्यात पलीकडे बस आली. बाई मुलीला सावरत धावली, चढली, आणि त्यांची वाट न बघता खिडकीशी बसली. घाईत तिला त्यांची आठवणसुद्धा राहिली नव्हती. बस निघून गेली.

डॉक्टर घरी परत आले. बायको पाव भाजत होती.

"लवकर आलात?"

"आज ती एकटी गेली. माझी गरज पडली नाही."

"मग?"

"मग काय, भूक लागलीय."

दोघं समोरासमोर बसून खायला लागली. डॉक्टरांनी पावाला लोणी लावलं, सुरी खाली ठेवली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला फार आठवण येते गं दवाखान्याची. सकाळी पहिला पेशंट आत यायचा ना, त्या वेळची. आणि चूक माझीच होती. दोन्ही एकदम आहे. काय करायचं त्याचं?"

"काही करायचं नाही," बायको म्हणाली. "खा." आणि तिने आपल्या पावाचा कुरकुरीत तुकडा त्यांच्या ताटलीत टाकला. तो त्यांना आवडतो हे तिला माहीत होतं. जरा वेळाने तिने त्यांना नावाने हाक मारून मीठ मागितलं. या वेळी कुणाला हसू आलं नाही. डॉक्टरांनी मीठ दिलं.

रविवारी दुपारी काजवालीचा निरोप आला. सगळ्यांनी या, पोरगी चालायला लागलीय. तिच्या छोट्या खोलीत ही गर्दी झाली. डॉक्टर, बायको, भाची, आणि काळा चष्मा लावलेला ड्रायव्हर. गादीवाल्या बाईही आल्या, पाठीवर एक छोटी गादी घेऊन. "पडली तर हिच्यावर पडू दे," म्हणाल्या. काजवालीने जरा वेळ त्या गादीकडे पाहिलं. मग स्वतःच ती उचलून खोलीच्या मधोमध अंथरली.

मुलगी भिंतीला धरून उभी होती. सगळ्यांनी हात पसरले, सगळ्यांनी एकदम हाका मारल्या. तिने एकेकाला नीट बघून घेतलं, भिंत सोडली आणि निघाली. एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. मधेच थांबून तिने टाळ्या वाजवल्या, त्या नादात तोल गेला, आणि ती धप्पकन गादीवर बसली. काजवाली एक पाऊल पुढे झाली.

मुलीने गादीवर दोन्ही हात आपटले, वर बघितलं, आणि जोरात ओरडली. त्याचा अर्थ 'पुन्हा' असाच होता, हे कुणी सांगायला नको होतं. डॉक्टर गुडघ्यांवर रांगत पुढे गेले आणि तिला पुन्हा भिंतीशी नेऊन उभं केलं.